चार सत्तेचाळीसचं पान

१

"ताई, कार्ड दाखवलं म्हणजे बाहेर आलेला कागद त्याच माणसाचा, असं धरून चालू नका," मशीनवाले दादा म्हणाले होते.

खालच्या मजल्यावरच्या प्रिंटरचं पोट उघडून ते गुडघ्यांवर बसले होते. मनगटापर्यंत काळी पूड. "एक सेटिंग बदलायचं राहिलंय. अर्धा तास मशीन बंद ठेवायला लागेल. उरकून टाकू का?"

ताईच्या कानाला फोन होता. पाळणाघरातून बाई सांगत होत्या की बाळाने आज दूध नीट घेतलं नाही. तिने फोनवर हात ठेवला. "पुढच्या खेपेला करू दादा. आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत. कोणी कोणाच्या कार्डाला हात लावत नाही."

"कार्डाचं नाही म्हणत मी," दादांनी सुरुवात केली, पण तोवर ती परत फोनवर गेली होती. थोड्या वेळाने त्यांनी दुरुस्तीची पावती पुढे केली, तिने न वाचता सही ठोकली आणि फायलीत लावून टाकली.

ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. आवक-जावक बघणारे टेपभाऊ तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तेही म्हणत. संगणक, नेटवर्क, प्रिंटर, कागदाच्या कपाटाची किल्ली, सगळं तिच्याकडे. कार्डांची पद्धत तिनेच आणली होती. आधी कोणीही काहीही छापायचं आणि कागद तासन्‌तास ट्रेमध्ये उताणे पडलेले असायचे. आता टेबलावरून छापायला पाठवा, मशीनपाशी जा, आपलं कार्ड टेकवा, मगच कागद बाहेर येणार. कोणी, कधी, किती पानं, सगळ्याची नोंद राहणार.

या ऑफिसात ते गरजेचंच होतं. संस्था मुलं दत्तक देत असे. मूल सोपवून जाणाऱ्या बाईला इथे एक शब्द दिला जायचा: तुझं नाव, तुझा पत्ता, तू हो म्हटल्याशिवाय कोणालाही कळणार नाही. त्या नावांच्या फायली वरच्या खोलीत बंद असायच्या.

मशीनवाले दादा येऊन गेल्याला तीन आठवडे झाले असतील. एका बुधवारी सकाळी पंचेचाळिशीची एक बाई आत आली, कोणाला काही न विचारता थेट जिना चढली आणि संचालिका मॅडमच्या टेबलावर तिने चार घड्या घातलेला एक कागद ठेवला.

"तेवीस वर्षांपूर्वी याच खोलीत मला शब्द दिला होता," ती म्हणाली. "हे काय आहे मग?"

२

कागदावर तिचं लग्नाआधीचं नाव होतं, नंतरचं नाव होतं, घराचा पत्ता होता. बंद फायलीतल्या मूळ नोंदीचं पहिलं पान. फाइल अलीकडेच संगणकावर चढवली होती, त्यामुळे पान ऑफिसच्या प्रिंटरमधूनच निघालेलं होतं.

"रविवारी दाराची बेल वाजली," बाई सांगत होती. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "सासूबाईंनी दार उघडलं. दारात मुलगी. हातात हे. म्हणाली, मी यांना शोधत आलेय. सासूबाईंना वाचता येतं हो चांगलं. नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. काल मी बहिणीकडे राहायला गेले. परत कधी बोलावतील, बोलावतील की नाही, काय सांगू तुम्हाला?"

"ती मुलगी..." मॅडम अडखळल्या.

"माझ्यासारखी दिसते," बाई म्हणाली. "कागद मी तिच्या हातातून ओढून घेतला. तिचं नावसुद्धा विचारलं नाही."

ती गेल्यावर मॅडमनी ताईला वर बोलावलं. "हे पान कोणी छापलं ते आत्ताच्या आत्ता काढ. तुझं मशीन सगळं लिहून ठेवतं ना?"

"ठेवतं," ताई म्हणाली. आणि पुढे, ज्याची तिला अजून लाज वाटते, ते वाक्य: "माणूस विसरेल मॅडम, मशीन विसरत नाही."

दहा मिनिटांत नोंद सापडली. आदल्या आठवड्यातला मंगळवार. खालचं मशीन. चार वाजून दहा मिनिटं. तीन पानं. कार्डाचा नंबर पाहून ताईने तो पुन्हा ताडून पाहिला, मग कार्डांच्या यादीत पुन्हा एकदा.

कार्ड माईंचं होतं.

३

माई एकतीस वर्षं त्या बंद फायली सांभाळत होत्या. निवृत्तीला आठ महिने. फाइल मागायला आलेल्या माणसाकडे त्या चष्म्यावरून असं बघायच्या की खुद्द मॅडमसुद्धा कारण सांगून मोकळ्या व्हायच्या. ताईचं बाळ झालं तेव्हा सगळे दवाखान्यात पेढे मागत आले होते. एकट्या माई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या, आणि कोणाला न सांगता बाळाच्या कपड्यांची बादली धुऊन गेल्या.

"हो, मीच छापलं की," माई म्हणाल्या. "मॅडम, तुम्हीच मागितलं होतं. ती मुलगी आईची चौकशी करायला येत होती, तुम्ही म्हणालात, आधी आईला फोन करून विचारू. म्हणून मूळ नोंद काढली."

"मला तुम्ही दिलेली तीन पानं वरच्या मशीनवर छापलेली आहेत," मॅडमनी यादी पुढे सरकवली. "चार सोळा. त्याच्या आधी सहा मिनिटं तीच तीन पानं तुम्ही खाली छापलीत. दोनदा कशाला?"

"खालचं मशीन मध्येच थांबलं. कुरकुरलं आणि गप्प झालं. मला दोनच पानं मिळाली. काही बारीक अक्षरात लिहून आलं होतं, मला वाचता आलं नाही. म्हणून वर येऊन पुन्हा काढलं."

"दोन म्हणजे कोणती?"

"दुसरं आणि तिसरं."

"आणि नेमकं नाव-पत्त्याचं पहिलं मिळालं नाही."

माईंनी पदराने चष्मा पुसला.

"ती दोन कुठेत?"

"फाडून टाकली. अशी पानं ठेवायची नसतात."

मॅडम ताईकडे वळल्या. "मशीन काय म्हणतं? खाली किती पानं निघाली?"

ताईने यादीवर बोट ठेवलं. "तीन. काम पूर्ण, असं आहे."

"मग तिसरा कागद गेला कुठे, माई? हवेत? ती मुलगी तीन महिने तुमच्या टेबलासमोर येऊन रडत होती, सगळ्यांनी बघितलंय. दया आली असेल. मला समजतं. पण तसं सांगा तरी."

"दया आली होती," माई म्हणाल्या. "पान दिलं नाही."

त्या दुपारी माईंकडून किल्ल्या घेतल्या गेल्या. चौकशी समिती पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बसणार होती. जिन्यात माईंनी ताईला गाठलं. हातात पर्स, डबा आणि खुर्चीवरची उशी.

"पोरी, तुला काय वाटतं? मी केलं असेल?"

ताईला म्हणता आलं असतं, नाही माई. एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "नोंदीत तसं दिसतंय माई. मी तरी काय करू?"

माईंनी मान हलवली, जशी त्या योग्य सही असलेल्या अर्जावर हलवायच्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

४

त्या रात्री बाळ झोपलं तरी ताईला झोप लागेना. मॅडमच्या संशयात एक गोष्ट बसत नव्हती. माईंना द्यायचंच होतं तर त्यांनी ते हाताने उतरवून दिलं असतं, तोंडाने सांगितलं असतं. फाइल त्यांना पाठ होती. आपल्या नावाची नोंद राहील असं मशीन त्यांनी कशाला वापरलं असतं? आणि जो कोणी मुलीला आईचा माग देणार, तो एकच पान का देईल? दुसऱ्या पानावर तर, फाइल संगणकावर चढवताना तिने पाहिलं होतं, आईने बाळासाठी लिहून ठेवलेल्या चार ओळी होत्या. दया आलेल्या माणसाने त्या आधी दिल्या असत्या.

सकाळी तिने टेपभाऊंना गाठलं. एकदा बोलायला लागले की बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून ते टेपभाऊ.

"गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी चारनंतर खाली कोण होतं, भाऊ?"

"मला काय विचारता? मी टपाल घेऊन पावणेचारला बाहेर. पोस्टात एवढी रांग, एवढी रांग, की पुढचा माणूस मला आपल्या मुलीच्या लग्नाला बोलावून गेला. तिथूनच घरी. समुपदेशक बाई रजेवर. मॅडम वर. खाली तुम्ही होतात आणि माई. आणि माई तर साडेचारला सही करून गेल्या, बघा ना." त्यांनी हजेरीचं रजिस्टर उलटं फिरवून तिच्यासमोर धरलं. चार तीस. माईंची सही, ठळक, शेवटी टिंब देऊन.

"कोणी माईंचं कार्ड घेतलं असेल?"

"माईंचं कार्ड? ते गळ्यात असतं, ताई. आंघोळीलासुद्धा काढत नसतील. आणि घेणार कोण? मी पोस्टात, बाई रजेवर. उरलात तुम्ही." ते हसले. "तुमच्यावर संशय घ्यायचा तर मला आधी चहा घ्यावा लागेल."

ताईही हसली.

टेबलावर येऊन तिने त्या दिवसाची सविस्तर नोंद उघडली. आदल्या दिवशी घाईत तिने फक्त कामं सुरू झाल्याच्या वेळा पाहिल्या होत्या. या नोंदीत काम संपल्याची वेळही असायची. माईंच्या नावापुढे सुरुवात होती चार दहा.

शेवट होता चार सत्तेचाळीस.

तीन पानांना सदतीस मिनिटं. आणि त्यातल्या शेवटच्या सतरा मिनिटांत माई ऑफिसात नव्हत्याच.

५

मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करत होती. आठवडाभर गाठ पडली नाही; पुढच्या गुरुवारी सकाळी ताई गेली तेव्हा ती एका आजोबांच्या कानामागे काडी बसते का ते बघत होती. ताईला पाहून तिचा चेहरा आधी उजळला, मग सावध झाला.

दुकानाच्या मागच्या बाजूला, काचा घासायच्या मशीनशेजारी दोघी उभ्या राहिल्या.

"मला ओरडायला आलात का?" मुलीने विचारलं. "मी जायला नको होतं. मला कळलं ते. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मला वाटलं होतं, त्यांचीही इच्छा असेल, म्हणूनच पान आलं असेल."

"ते पान तुला कोणी दिलं?"

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारावं की न विचारावं अशा नजरेने.

"मी नाव घेणार नाही," ती शेवटी म्हणाली. "कोणालाच सांगणार नाही. ज्यांनी दिलं त्यांच्या नोकरीवर गदा यायला नको. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते कोणी केलं नव्हतं."

"अगं, पण दुसऱ्याच बाईंवर आळ आलाय. माईंवर. त्यांची नोकरी जातेय."

मुलीचे डोळे मोठे झाले. "माईंवर? पण त्यांनी तर..." ती थांबली. पुन्हा ताईकडे तशीच बघायला लागली, आता थोडी गोंधळून. "ताई, तुम्हाला खरंच माझ्याकडून ऐकायचंय?"

"हो."

"नको, नका विचारू. मी शब्द दिलाय, मनातल्या मनात."

पुढून दुकानदाराने हाक मारली. मुलगी निघाली आणि पडद्यापाशी वळली.

"तुमचं बाळ बरं आहे का आता? त्या दिवशी ताप होता ना."

"बरं आहे," ताई म्हणाली.

कोपऱ्यावर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. मग पाय जागच्या जागी थांबले. बाळाला ताप आला होता तो एकच दिवस. तोच मंगळवार.

६

त्या मंगळवारी समुपदेशक बाईंनी घरून फोन केला होता: "माहितीपत्र तयार आहे गं, तुला पाठवलंय. ती मुलगी पाच वाजता येईल. छाप आणि देऊन टाक." दोन पानांचं पत्र. जन्माची वेळ, वजन, तब्येत. नाव-पत्ता सोडून जे देता येतं ते. ताईने ते छापलं, टाचलं, पाकिटात घातलं, मुलीच्या हातात दिलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला चौकशीच्या या आठ दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं. नोंदीत तिच्या नावावर दोनच पानं होती.

ती ऑफिसात परतली आणि मॅडमकडून तो कागद मागून घेतला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं होती. कागद पांढराशुभ्र, किंचित निळसर.

"भाऊ," तिने टेपभाऊंना हाक मारली, "हा कागद कुठला?"

"नव्या पाकिटातला. डोळे दिपवणारा. मी म्हटलं नव्हतं का, बुधवारी सकाळी पहिल्यांदा बघितला तेव्हा, की ताई, याच्यावर पत्र लिहिलं तर समोरच्याला काळा चष्मा पाठवावा लागेल?"

"आणि त्या मंगळवारी तुम्ही टपालाची यादी छापली, ती?"

त्यांनी फाइल उघडली. मंगळवारची यादी जुन्या, पिवळट कागदावर होती. "पावणेचारला छापून निघालो. तेव्हा जुनाच होता."

म्हणजे कागद बदलला तो मंगळवारी पावणेचार आणि बुधवार सकाळ यांच्या मध्ये. माईंनी चार दहाला कार्ड टेकवलं तेव्हा ट्रेमध्ये जुना कागद होता, तोही तळाला गेलेला. कागदाच्या नव्या पाकिटांच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती.

ताईने आपल्या कमरेच्या किल्ल्यांना हात लावला.

"भाऊ, जरा इथे उभे राहा. मी काय करते ते नुसतं बघा. बोलू नका."

"न बोलता बघायचं म्हणजे," टेपभाऊ पुटपुटले, पण उभे राहिले.

तिने ट्रे रिकामा केला आणि आत मोजून दोन कागद ठेवले. टेपभाऊंच्या टेबलावरून तीन पानांचं एक काम पाठवलं, पानांवर मोठे आकडे, एक, दोन, तीन. मशीनपाशी येऊन टेपभाऊंचं कार्ड टेकवलं. हे मशीन शेवटचं पान आधी छापत असे, म्हणजे गठ्ठा सरळ लागतो. तीन बाहेर आलं. दोन बाहेर आलं. मशीन कुरकुरलं आणि गप्प झालं. पडद्यावर बारीक अक्षरात काहीतरी उमटलं.

"आता तुमचं काम संपलं असं समजा. तुम्ही वर गेलात."

ती दहा मिनिटं थांबली. पडदा काळा झाला. मग तिने ट्रेमध्ये नवा गठ्ठा भरला, स्वतःचं दोन पानांचं पत्र पाठवलं आणि स्वतःचं कार्ड टेकवलं. आधी टेपभाऊंचं एक नंबरचं पान सुळकन बाहेर आलं. त्याच्यावर तिच्या पत्राचं दुसरं पान. सगळ्यात वर पहिलं.

वरून बघणाऱ्याला फक्त तिचं पत्र दिसत होतं.

टेपभाऊंनी तिचं पत्र उचलून खालचं एक नंबरचं पान बाहेर ओढलं.

तिने फायलीतून मशीनवाल्या दादांची पावती काढली. त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं: कागद संपल्यास उरलेली पानं मशीन धरून ठेवते व नंतर भरल्यावर काढते, त्या वेळी समोर कोणीही असो. माणूस गेल्यावर ती पुसण्याचं सेटिंग बाकी. ग्राहकाने पुढे ढकलले. खाली तिची सही होती.

मंगळवारची संध्याकाळ तिला आता तुकड्यातुकड्याने आठवली. पाळणाघरातून फोन आला होता, अंग तापलंय, लवकर या. मशीनमध्ये कागद नाही. कपाट उघडलं, कागदाचं नवं पाकीट दातांनी फाडलं, ट्रेमध्ये गठ्ठा भरला. आलेला गठ्ठा न मोजता टाचला. मुलगी दारातच उभी होती. ताईचे डोळे भरलेले होते, बाळासाठी. पाकीट तिने मुलीच्या हातात दाबलं आणि म्हणाली, घरी जाऊन वाच. एवढंच.

मुलीने घरी जाऊन वाचलं. आपल्यासाठी रडणारी ताई तिने तेव्हापासून मनात जपून ठेवली होती.

७

गुरुवार दुपार होती. समिती दुसऱ्या दिवशी बसणार होती. ताई वर गेली, मॅडमसमोर दोन्ही याद्या, पिवळा कागद, पांढरा कागद आणि पावती ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

मॅडमनी चष्मा काढला. खणातून एक कागद काढून त्यांनी पुढे ठेवला.

"माईंनी सकाळी राजीनामा पाठवला," त्या म्हणाल्या.

दोन ओळींचा होता. फाइल माझ्या ताब्यात होती. तिच्यातलं पान बाहेर गेलं, कसं गेलं ते मला सांगता येत नाही, म्हणून जबाबदारी माझी.

"फोन करा ना त्यांना," ताई म्हणाली. "मी करते."

फोन बंद होता. ती तशीच रिक्षा करून गेली. माई भाड्याच्या एका खोलीत राहत, एकट्या. घरमालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या. "गेल्या की त्या. परवा मंगळवारीच खोली रिकामी केली. कुठे ते नाही बोलल्या. मी विचारलं, कोणाकडे जाताय? तर म्हणाल्या, बघते."

ज्या बाईने एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते सांभाळले, तिचा स्वतःचा पत्ता ऑफिसात एकच होता, आणि तो आता रिकामा होता.

समितीने शुक्रवारी माईंवरचा ठपका काढून टाकला. कागदावर लिहिलं, तांत्रिक चूक. ताईला एक ताकीद मिळाली, पगार चालू राहिला, खांद्यावर हात ठेवून कोणी म्हणालं, मनाला लावून घेऊ नकोस, लहान मूल आहे घरी. नऊ दिवस माईंनी जे सोसलं त्याचं नाव गुन्हा होतं. तेच ताईचं निघालं तर त्याचं नाव चूक झालं. तिला वाटलं, कोणीतरी एकदा तरी आवाज चढवायला हवा होता.

शनिवारी ती चष्म्याच्या दुकानात गेली. हे काम कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नाही दिलंत?" मुलीने विचारलं.

"नाही. मला माहीतच नव्हतं ते आत आहे."

"आणि रडत होतात ते?"

"माझ्या बाळाला ताप होता."

मुलीने काउंटरवरचं फडकं उचललं आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागली. "मला वाटलं होतं, कोणीतरी एका माणसाने तरी..." ती थांबली. "ठीक आहे. माईंना सांगा, मला वाईट वाटतं. मी बोलले असते तर." मग खाली बघूनच म्हणाली, "आणि त्या बाई बहिणीकडून परत गेल्या का, तेवढं कळलं तर सांगाल? मी जाणार नाही तिकडे. नुसतं सांगा."

दुसऱ्या पानावरच्या त्या चार ओळींबद्दलचं बोलणं ताईच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. ती "सांगेन" म्हणाली आणि बाहेर पडली.

त्यानंतर महिने गेले. ताईने विचारपूस करून माईंच्या एका भाचीला पत्र पाठवलं, ते परत आलं. पेन्शनच्या खिडकीवर विचारलं, तिथे सांगता येत नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं, तिनेही तेच सांगितलं असतं. रविवारी बाळाला कडेवर घेऊन ती अनोळखी वस्त्यांमधून फिरते. नवरा एकदा म्हणाला, "भेटल्या तर काय बोलणार आहेस?" भेटल्या तर पुरे होतं.

म्हणून हे वाचणाऱ्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या मजल्यावर किंवा समोरच्या इमारतीत अलीकडे साठीच्या आसपासच्या एक बाई एकट्या राहायला आल्या असतील. बारीक अंगाच्या, ताठ चालीच्या. कोणाकडे काही मागणार नाहीत, कोणाची बेल वाजवणार नाहीत. कशा आहात म्हटलं तर "बरी आहे" म्हणतील आणि दार लावून घेतील. त्यांना ताईचं नाव सांगू नका, काही समजावू नका. फक्त सकाळी त्यांची खिडकी उघडते का ते बघा. दोन दिवस उघडली नाही, तर दार वाजवा. त्या "बरी आहे" म्हणाल्या तरी लगेच निघू नका. थोडं थांबा, आणि आज जेवलात का, एवढं विचारा.